सही न केलेला हंगाम

साखर कारखान्याला दोन वास असतात. एक उकळत्या रसाचा. गोड, जरासा करपट, थंडीच्या सकाळी तीन-चार मैलांवरूनही ओळखू येणारा. दुसरा मळीचा. तो अंगणात येतो, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांत शिरतो आणि जेवताना घासाबरोबर तोंडात जातो. दर वर्षी दिवाळी सरली की बेळगावहून निपाणीकडे जाताना बसच्या खिडकीतून आधी तो गोड वास येतो. मग उसाने फुगलेल्या जोड-ट्रॉल्या दिसतात, वाढ्यांचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, भारे डोक्यावर घेतलेल्या बायका दिसतात, रस्त्यावर सांडलेली आणि चाकांखाली चेचलेली कांडी दिसतात. मी ओढणी नाकाशी नेते आणि परत खाली घेते. चार वर्षं झाली, पण तो एक हंगाम अजून माझ्या अंगावरून उतरलेला नाही.

आमचं गाव निपाणीच्या अलीकडे, हमरस्ता सोडून आत. गावाखालून ओढा जातो. मी शाळेत असताना ओढ्याच्या वरच्या अंगाला कारखाना उभा राहिला. पहिल्या वर्षी गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडताना बघायला आम्ही सगळे गेलो होतो. वडिलांनी मला खांद्यावर घेतलं होतं, एवढी काही मी लहान नव्हते. पण गर्दीत मला दिसावं, अशी त्यांची इच्छा. पुढे बेळगावला राहून रसायनशास्त्रात पदवी घेतली आणि त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले, तेव्हा वडील नव्हते. थोरल्या भावाने, दादाने, खडेबाजारातून माझ्यासाठी पांढरा कोट शिवून आणला. माप न घेता शिवलेला, खांद्यांत ढगळ. मी तो आठ वर्षं वापरला.

प्रयोगशाळेत मी रसातली साखर मोजायची आणि सांडपाण्यातली घाणही मोजायची. घाणीची परीक्षा मला फार आवडायची, हे आता सांगायला विचित्र वाटतं. नारिंगी रंगाच्या द्रावणात सांडपाणी घालून ते दोन तास उकळायचं. पाण्यात घाण जितकी जास्त, तितका नारिंगी रंग हिरव्याकडे झुकतो. पाणी चांगलं असेल तर द्रावण मावळतीच्या उन्हासारखं तसंच राहतं. आकडा पुढच्या हिशेबाने निघतो, पण डोळ्यांना आधीच कळलेलं असतं.

पाण्याचा नमुना घेऊन भीमगोंडा मामा यायचे. सांडपाणी शुद्ध करायच्या टाक्या ते सांभाळत. सातवी शिकलेले, डोक्याला टॉवेल, मिशा पिकलेल्या, निवृत्तीला एकच हंगाम उरलेला. त्यांना यंत्राआधी पाण्याचं कळायचं. बाटली टॉवेलने पुसून माझ्या टेबलावर ठेवत आणि म्हणत, "पोरी, आज पाणी दमलंय बघ." मी परीक्षा करायची आणि बहुतेक वेळा पाणी दमलेलंच निघायचं. मग ते हवा वाढवत, घाण खाणारे जिवाणू वाढावेत म्हणून टाकीत शेण कालवत, दोन दिवसांनी पाणी सावरायचं.

त्या वर्षी कारखान्याने नवी मिल बसवली आणि गाळप वाढवलं. टाक्या मात्र जुन्याच राहिल्या. हंगाम सुरू होऊन महिना झाला नाही तोच टाकीत हवा सोडणारं मोठं यंत्र बंद पडलं. मामांनी आणलेली बाटली त्या दिवशी गुळाच्या काकवीसारखी दिसत होती. उकळायला ठेवलेलं द्रावण दोन तासही थांबलं नाही. दहा मिनिटांत हिरवंगार.

आमचे मुख्य केमिस्ट देसाई साहेब. मला काम त्यांनीच शिकवलं. मवाळ माणूस, कधी आवाज चढवला नाही. डब्यात भाकरी असली की अर्धी मला द्यायचे. मी वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला.

"वैजयंता, यंत्राचा भाग पुण्याहून यायचाय. तोवर रजिस्टरात नियमाच्या हद्दीतला आकडा लिही."

"किती दिवस, सर?"

"आठवडाभर. वरून सांगितलंय."

मी लिहिला. खाली सही केली. ही गोष्ट कुणालाही सांगताना हे मी आधी सांगते, कारण पुढचं ऐकून लोक मला धीट वगैरे म्हणायला लागतात. तीन आठवडे रोज मी खोटा आकडा लिहिला आणि वळणदार सही केली. खरा आकडा माझ्या कच्च्या वहीत राहायचा. शुद्ध न झालेलं पाणी टाक्यांना वळसा घालणाऱ्या नळातून थेट ओढ्यात जायचं. तो नळ फक्त अडचणीच्या वेळेसाठी होता. पण अडचणीच्या वेळा रोज येऊ लागल्या होत्या.

मला वाटतं, माणूस खोटं बोलायला लागतो तो भीतीपोटी असं आपण उगाच म्हणतो. मला भीती नव्हती. मला देसाई साहेबांचं मन मोडवत नव्हतं. आणि "आठवडाभर" हा शब्द फार मऊ असतो, त्यावर डोकं ठेवून झोप लागते.

एका दुपारी फाटकावरून निरोप आला की तुमच्या गावची बाई आलीय. काशीकाकू होती. ओढ्याकाठच्या वस्तीत ती राहते. तिची मुलगी माझ्या वर्गात होती. तिने पदराखालून बाटली काढली. आत तांबूस पाणी.

"आमच्या हिरीचं हाय गं," ती म्हणाली. "चार दिस झालं असं यायलंय. जनावरं तोंड लावंनात. तू तपासतीस न्हवं पाणी? बघून सांग, प्यावं का न्हाय."

मी बाटली घेतली. तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. तिला ठाऊकच नव्हतं. ती गावच्या मुलीकडे आली होती, भरवशाने.

"काकू, पिऊ नका," मी म्हटलं. "पोरांना अजिबात देऊ नका."

"मग काय प्यावं?" तिने विचारलं आणि पदर सावरत निघून गेली. वर गावच्या टाकीपर्यंत वस्तीतल्या बायका घागरी घेऊन चढू लागल्या, ते मी त्यानंतर रोज सकाळी कामाला जाताना बघत होते.

दुसऱ्या दिवशी मी रजिस्टरात खरा आकडा लिहिला नाही, खोटाही नाही. जागा मोकळी सोडली आणि सही केली नाही. देसाई साहेबांनी ते पान बराच वेळ पाहिलं. "असं करू नकोस," एवढंच म्हणाले आणि रजिस्टर मिटलं.

मामांना मी हे सांगितलं तेव्हा ते टाकीच्या कठड्यावर बसले होते. ते म्हणाले, "तुझं बरं हाय, तुला नुसती सही सोडायची. मला रोज त्यो नळ ह्या हातांनी सोडावा लागतोय." मग आम्ही पाच जण एकत्र आलो. प्रयोगशाळेतले तिघं, टाक्यांवरचे दोघं. अर्ज लिहिला: यंत्र दुरुस्त होईपर्यंत गाळप कमी करावं, वळशाचा नळ बंद ठेवावा, खोट्या नोंदींवर आम्ही सह्या करणार नाही. मी मराठीत लिहिला, मामांच्या जोडीदाराने कानडीत उतरवला, खाली पाच सह्या. कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. "हंगाम संपू दे, नव्या टाक्या बांधू," म्हणाले. चहा चांगला होता. नळ त्या दिवशीही चालूच राहिला.

त्यानंतर चौथ्या दिवशी मामांनी घरून कुलूप आणलं आणि वळशाच्या नळाच्या चाकाला साखळी घालून लावलं. किल्ली खिशात. सरळ दिवसाउजेडी, सगळ्यांच्या देखत. पाण्याला जायला जागा राहिली नाही. टाक्या भरल्या, काठोकाठ आल्या, मग आवारात पाणी पसरलं. गाळप थांबवावं लागलं. तोवर त्या निसरड्यात ठेक्यावरचा एक कामगार, परशुराम, पाय घसरून पडला आणि त्याचा हात मोडला.

मामांनी स्वतः किल्ली काढून दिली, नळ पुन्हा सुटला. परशुरामला दवाखान्यात न्यायला जीपमध्ये तेच त्याला धरून बसले. संध्याकाळी त्यांना निलंबनाचा कागद मिळाला, कानडीत. त्यांनी तो वाचला आणि घडी करून, टोपीत ठेवावा तसा, टॉवेलच्या वेटोळ्यात ठेवला.

आम्ही उरलेले चौघं दंडाला काळी फीत लावून फाटकाबाहेर बसलो. घोषणा नाहीत, काही नाही. उसाच्या ट्रॉल्या आमच्या अंगावरून धूळ उडवत आत जायच्या. ओळखीचे ड्रायव्हर पहिल्या दिवशी हात करायचे, दुसऱ्या दिवशी त्यांनी पुढे बघायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी आमच्यातले दोघं आले नाहीत. त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. तीन आठवडे मीही खोट्या सह्या केल्याच होत्या.

काशीकाकूच्या वस्तीने तक्रार केली होती, त्यावरून प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी तपासणीला आले. मध्यम वयाचा, थकलेल्या डोळ्यांचा माणूस. त्यांनी मला फाटकावरून प्रयोगशाळेत बोलावून घेतलं आणि रजिस्टर चाळलं. मोकळ्या पानांवर थांबले. मग माझ्याकडे वळून कानडीत म्हणाले, "खरे हेळ्री, मॅडम." खरं सांगा. खरं हा शब्द आमच्याकडे दोन्ही भाषांत जवळजवळ एकच आहे, हे मला तोवर कधी सुचलं नव्हतं. देसाई साहेब माझ्या शेजारी उभे होते. मी टेबलाच्या खणातून कच्ची वही काढली आणि दिली. कारखान्याचे कागद बाहेरच्याला द्यायचे नाहीत, असं माझ्या नेमणुकीच्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. त्याखालीही माझी सही होती.

दोन दिवसांनी कारखाना बंद करण्याचा हुकूम आला. यंत्र दुरुस्त होऊन पाणी हद्दीत येईपर्यंत गाळप बंद.

तो बंद बारा दिवस चालला. बारा दिवस तो गोड वास नव्हता. रस्त्याच्या कडेने ट्रॉल्यांची रांग लागली आणि जागीच राहिली. उसाची वाढी पिवळी पडली, मग खडखडीत झाली. तोडणीला आलेली कुटुंबं खोपटांपुढे नुसती बसून होती. तोड नाही तर काम नाही. त्यांच्या बायका ओळखीच्या दारांत पीठ मागू लागल्या. आणि आमच्या दादाचा ऊस हुकूम यायच्या आदल्या दिवशीच तोडला होता. मोळ्या बांधून फडात पडल्या होत्या. सकाळी मी आणि वहिनी तिकडे गेलो. तोडलेला ऊस उन्हात पडला की त्याला आंबूस वास येतो आणि कांडं हातात हलकं लागतं. दादा बांधावर बसला होता.

"वैजू, तू खरं बोललीस. न्हाय म्हणत न्हाय मी," तो म्हणाला. "पर माझा ऊस तोडीला आलाय हे तुला ठावं हुतं."

"होतं, दादा."

"मग मला एका शब्दानं सांगितलं असतंस तर मी टोळी थांबवली असती. ऊस उभा राहिला असता."

खरं तर मला त्याला सांगायचं सुचलंच नव्हतं. मी साहेबांना सांगितलं, अधिकाऱ्यांना सांगितलं. ज्यांचा ऊस, ज्यांचा ओढा, त्यांना आम्ही पाच जणांपैकी एकानेही काही विचारलं नव्हतं. आम्हाला वाटत होतं की आम्ही त्यांच्यासाठीच भांडतोय, आणि एवढं पुरेसं आहे.

दादा त्यानंतर माझ्याशी बोलेनासा झाला. ताटावर समोरासमोर बसायचो. वहिनी दोघांना वाढायची आणि दोघांच्या मधली बोलणी तीच करायची.

मामांची चौकशी कारखान्याच्या छोट्या हॉलमध्ये झाली. साक्षीला मला बोलावलं होतं. चौकशी करणाऱ्या वकिलांनी विचारलं, "कुलूप तुम्ही लावलं, हे कबूल आहे?"

"व्हय."

"असं करणं नियमाविरुद्ध आहे, हे माहीत होतं?"

"व्हय, साहेब. म्हायती हुतं. त्याची शिक्षा द्या, मी न्हाय म्हणनार न्हाय. माझ्यामुळं त्या परशुरामचा हात मोडला. ते तर मला झोपू देईना. पर कागदावर दोन्ही लिवा. मी काय मोडलं ते आणि कशापायी मोडलं ते."

लिहिणाऱ्याने मान खाली घालून पहिलं तेवढं लिहिलं. मला ते समोर दिसत होतं. पेन "व्हय"पाशी थांबलं आणि पुढच्या ओळीवर गेलं.

नंतर त्यांना सुचवण्यात आलं की माफीनामा द्या, उरलेला हंगाम मानाने पूर्ण करा. मामांनी एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशी माफीनामा आणला: कुलूप लावल्याची माफी मागतो, परशुरामची माफी मागतो. नळ सोडायला नकार दिला त्याबद्दल एक अक्षरही नव्हतं. तो कागद परत करण्यात आला. आठवड्याने मामांना बडतर्फ केलं. माझा करार पुढे वाढवला नाही, एवढंच. कोट घेऊन बाहेर पडताना देसाई साहेब फाटकापर्यंत आले. सहा महिन्यांनी त्यांनीही नोकरी सोडल्याचं कानावर आलं. ते त्यांनी कशामुळे केलं, हे मी कधी विचारलं नाही.

परशुरामचा हात जोडला, पण मनगट पूर्वीसारखं वळत नाही. मामा सहा आठवडे रोज त्याच्याकडे जात, त्याच्या म्हशीचं शेणघाण करत. पुढच्या उन्हाळ्यात भेटले तेव्हा मी म्हटलं, मामा, तुम्ही होतात म्हणून नळ बंद झाला. त्यांनी मान हलवली. "नळ तुझ्या वहीनं बंद झाला. माझ्या कुलपानं एका गरिबाचा हात गेला. मला राग आलता, पोरी. रागात मानूस म्होरचं बघत न्हाय." मग थोड्या वेळाने, जणू स्वतःशीच, "पर नकार दिला ते बराबर हुतं."

कारखान्याने पुढच्या वर्षी नव्या टाक्या बांधल्या. फाटकावर हिरव्या रंगात फलक लागला, पर्यावरणाची आम्हाला किती काळजी आहे असा. मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. विहिरीतलं पाणी फलक वाचून निवळत नाही, टाकीमुळे निवळतं.

मी बेळगावात माती-पाणी तपासणाऱ्या एका छोट्या प्रयोगशाळेत लागले. दोन वर्षं गेली. एका मेच्या दुपारी दार ढकलून दादा आत आला. घामाने भिजलेला, हातात प्लास्टिकचा कॅन. बस बदलत आला होता. बसला नाही, पाणी मागितलं नाही. कॅन टेबलावर ठेवला.

"आपल्या वड्याचं पाणी हाय. बघ कसं हाय ते."

दोन तास तो बाकावर बसून राहिला. मी द्रावण उकळत ठेवलं, दोघंही त्या काचेकडे बघत होतो. नारिंगी रंग जरासा फिका झाला, हिरव्याकडे मात्र झुकला नाही.

"चांगलं आहे, दादा."

"काशीकाकू म्हनत हुती, मासं दिसाय लागल्यात," तो म्हणाला. आणि मग, "तुझ्या वहिनीनं शेंगाचटणी दिलीया. इसरलो हुतो," असं म्हणून त्याने पिशवीतून डबा काढला. दोन वर्षांनंतरचं आमचं पहिलं बोलणं एवढंच.

यंदा हंगाम लागून दोन आठवडे झाले असतील, मला एका अनोळखी मुलीचा फोन आला. श्रुती नाव. माझ्या जुन्या जागेवर लागलीय, सांबऱ्याची आहे, पहिलीच नोकरी.

"मॅडम, जुनी रजिस्टरं लावताना तुमच्या सह्या दिसल्या," ती म्हणाली. "एका तारखेनंतर नाहीत. आकडे पण नाहीत. का, ते इथं कोण सांगत नाही."

"तुला का विचारायचंय?"

"एक पंप बंद आहे. मला आठवडाभर हद्दीतला आकडा लिहायला सांगितलंय."

मी तिला सगळं सांगितलं. तीन आठवड्यांच्या सह्या, काशीकाकूची बाटली, परशुरामचं मनगट, मामांची नोकरी, वाळलेला ऊस, दादाचं न बोलणं. एकही गोष्ट गाळली नाही आणि एकीलाही रंग दिला नाही. तिने शेवटी विचारलं, "मग तुम्ही परत तसंच कराल?"

चार वर्षं मी हा प्रश्न स्वतःला विचारत आले होते, पण असा कुणी तोंडावर विचारला नव्हता.

"आकडा खराच लिहीन," मी म्हटलं. "पण पहिल्या दिवशीच. आणि साहेबांना सांगायच्या दिवशीच गावालाही सांगेन. ज्यांचा ऊस उभा आहे त्यांना, वस्तीला, तोडणीवाल्यांना. म्हणजे थांबायचं झालं तर सगळे मिळून थांबतील. कुणाचा ऊस तुटून पडणार नाही."

"मॅडम, मी इथं कुणाला ओळखत नाही. मी कुणाच्या दारात जाऊ?"

फोन ठेवून मी दादाला लावला. पंपाचं सांगितलं, मुलीचं सांगितलं.

"औंदा बी माझा ऊस तोडीला आलाय," दादा म्हणाला.

"म्हणून तुला आधी विचारतेय."

"तिला रविवारी घेऊन ये. पारावर नको, घरला ये. मी माणसं बोलावून ठेवतो."

रविवारी सकाळी आम्ही गेलो. श्रुती साडी नेसून आली होती, बहुधा आईने नेसवलेली, आणि वही छातीशी धरून होती. घराच्या सोप्यात पंधरा-वीस माणसं बसली होती. ऊसवाले शेतकरी, टोळीचा मुकादम, वस्तीतून काशीकाकू आणि तिच्या दोन शेजारणी. भीमगोंडा मामा भिंतीला टेकून मागे बसले होते. त्यांनी मला हाताने खूण केली, बस. कुणीतरी म्हणालं, पोरीची नोकरी जाईल. कुणीतरी म्हणालं, चार दिस ऊस उभा राहिला तर काय मरत न्हाय. मुकादम म्हणाला, तेवढे दिवस माझ्या माणसांना दुसरं काम द्या, मग माझी ना न्हाय. कुणी कुणाला शाबासकी दिली नाही. वहिनीने चहा फिरवला.

श्रुतीने खऱ्या आकड्यांची वही उघडली. तिने पहिली ओळ घाईघाईने वाचून टाकली. दादा माझ्या शेजारून उठला, तिच्यापुढे जाऊन खाली बसला.

"सावकास वाच, बाई," तो म्हणाला. "समद्यांस्नी कळू दे."